गौहर खालाचा डावा हात

गौहर खाला कुणाचाही हात आधी दाबून बघायची. 'या, बसा' म्हणणं नंतर. तुम्ही टपरीपुढं उभे राहिलात की तुमचा पंजा तिच्या दोन्ही हातांत जायचा, अंगठ्याच्या मुळाशी ती एकदा दाबायची, बोटं मिटवून बघायची, आणि तोंड दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडं करून माप सांगायची. "दोन-सहा. पण उजवा आखडला लई. कपडे हातानं धुतीस का गं?" माप चुकलेलं मी कधी बघितलं नाय. माझा हात दोन-चार. शाळेत होते तेव्हापासून दोन-चार, आणि दरवेळी ती म्हणायची, "अजून दोन-चारच? तुझी आई तुला भाकर देती का नुसती पुस्तकं चारती?"

हर्सूलला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तिची टपरी. हिरवा पत्रा, आत पुठ्ठ्याच्या नळ्यांवर चढवलेल्या बांगड्या, आणि बाहेर एक बाकडं, त्याच्यावर सगळ्या गल्लीची भांडणं मिटायची. टपरी तिच्या बापाची. ते मनेर, बांगड्या भरणं हाच त्यांचा पिढ्यांचा धंदा. नवरा कमरोद्दीन चाचा, ते रिक्षा चालवायचे. स्वतःची रिक्षा होती. मागं लिहिलेलं होतं 'गौहर', आणि चाचा सगळ्यांना सांगायचे की हे बायकोचं नाव नाय, मोत्याला गौहर म्हणतात. खाला म्हणायची, "मोती विकत घ्यायची ऐपत नाय, म्हणून रंगवून घेतला."

आम्ही मूळचे कन्नडकडचे. शेती तिकडं, पप्पा चिकलठाण्याच्या कंपनीत, म्हणून राहायला इकडं. पण आमच्या घराण्यातलं एकही लगीन खालाशिवाय झालं नाय. कन्नडला सुद्धा तीच जायची, पेटी मांडीवर घेऊन, एसटीनं. गौहरनं भरलेला चुडा टिकतो असं आमच्या बायकांत पक्कं होतं. आणि तिच्या टपरीवर 'फुटली' हा शब्द काढायचा नाय. आमच्यात बांगडी 'वाढली' म्हणतात, तिच्यात 'थंडी झाली' म्हणतात. चुकून कुणी फुटली म्हणलं की ती डोळे वटारायची, आणि ती बाई जीभ चावायची.

दोन वर्षांमागं, उन्हाळ्यात, तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली.

आधी खाजगीत दाखवलं. रक्त तपासलं, तुकडा काढून पाठवला, मशिनीत घालून फोटो काढले, आणि ह्या तपासण्यांतच रिक्षा गेली. म्हणजे इलाज सुरू व्हायच्या आधीच गेली. नुसतं आजाराचं नाव कळायला एक रिक्षा लागली. मग कुणीतरी सांगितलं की सरकारी कॅन्सरच्या दवाखान्यात जा, आणि तिथं स्कीममधे ऑपरेशन बसलं, इंजेक्शनं पण बसली, माणसं पण चांगली भेटली. पण हर्सूलवरून जाणं-येणं कुठल्या स्कीममधे बसत नाय. उलट्या होतात म्हणून आणलेली डाळिंबं बसत नाय. चाचा आता दुसऱ्याची रिक्षा भाड्यानं चालवत होते, ते एक दिवस खालासोबत दवाखान्यात बसले की त्या दिवसाचं भाडं उलटं त्यांच्याच अंगावर, आणि टपरीला कुलूप.

एकदा त्या दिवसांत चाचा आमच्या पप्पांशी बोलत होते, ओट्यावर. खाला आत पडलेली, दार उघडंच. चाचा म्हणाले, "रिक्षा गेली तर गेली भाऊ. अजून टपरी हाय. गरज पडली तर टपरी विकून टाकीन, पण इसको बचाऊंगा." पप्पांनी मान हलवली. मला ते ऐकून डोळ्यात पाणी आलं होतं, इतकं चांगलं वाटलं. खालानं पण ते ऐकलं होतं, हे मला लई उशिरा कळलं.

खाला मरायला भीत नव्हती, खरंच नव्हती. त्याची ती चेष्टाच करायची, "मी गेले तर चहाची साखर वाचेल, अर्धी मीच खाते." तिला भीती बसली ती पेनाची. डॉक्टर मॅडमच्या पेनाची. तिनं बघून ठेवलं होतं की आपण एक वाक्य बोललो की मॅडमचा हात पेनाकडं जातो, पेन कागदाकडं जातं, आणि कागद हातात पडला की चाचा खाली मान घालून बाहेर जातात आणि बराच वेळ येत नाय. म्हणून तिनं बोलायचंच बंद केलं.

"काय गौहरबी, काय त्रास?"

"मस्त हाय मॅडम. तुमी जेवलात का?"

मॅडम हसायच्या. सगळ्या वॉर्डात खाला लाडकी झाली, कारण ती एकटीच मस्त होती.

मी सोबत असायची. तिची पोरगी वहिदा परभणीला, पदरी तान्हं लेकरू, तिला येणं होत नव्हतं, आणि माझं कॉलेज त्याच वाटेवर. तास सोडून जायची मी. बाहेर आलो की विचारायची, "खाला, परवा म्हणालीस ना बोटं झोपल्यासारखी होतात म्हणून. ते का नाय सांगितलं?"

"सांगितलं तर त्यांना जागं करायचं औषध लिहितील. झोपू दे की. दमली असतील बिचारी."

असं बोलून ती पुढं चालू लागायची.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर उर्मिलाचं लगीन निघालं. उर्मिला म्हणजे माझ्या सरूआत्याची पोरगी, कन्नडची. तोवर खालाची इंजेक्शनं संपून बरेच महिने झाले होते, डोक्यावर केस आले होते, बारीक बारीक कुरळे, कोकरासारखे. आई म्हणाली, "गौहरला कशाला त्रास, कन्नडला काय मनेर नाय का?" तर खाला दुखावली. आमच्या दारात येऊन उभी राहिली. "माझा हात विटाळला का ताई? उर्मिलाच्या आईचा चुडा मी भरला, पोरीचा दुसरी भरल व्हय?" मी आणि खाला एसटीनं गेलो. पेटी माझ्या मांडीवर.

आत्याच्या घरी ओसरीवर सतरंजी, मधे उर्मिला, भोवती बायका, नुसता कालवा. खाला पेटी उघडून बसली, उर्मिलाचा हात घेतला, दाबला. परत दाबला. बायका माप ऐकायला थांबल्या होत्या, नेहमीसारखं. खाला म्हणाली, "मेंदी लई रंगली गं," आणि पेटीतून एक बांगडी काढून घालून बघितली, ती मोठी झाली, मग दुसरी काढली. मी जवळच बसले होते. खालानं कधी बांगडी घालून माप बघितलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं.

हिरवा चुडा भरायला सुरुवात झाली. डाव्या हातानं उर्मिलाचा पंजा दाबून धरायचा आणि उजव्यानं बांगडी सरकवायची, असं असतं ते. पहिल्या काही गेल्या. मग एक अंगठ्याच्या हाडापाशी अडली, खालानं जोर दिला, आणि कट्‌ असा आवाज आला.

सतरंजीवर रक्ताचे थेंब पडले. आत्या ओरडलीच, "अगं माझ्या पोरीचा हात," आणि उर्मिला म्हणाली, "नाय आई, मला नाय लागलं." खरंच तिला काय झालं नव्हतं. रक्त खालाचं होतं. काच तिच्या डाव्या तळहातात, मनगटाच्या जरा खाली, चांगली घुसली होती आणि ती तरी उर्मिलाचा हात तसाच धरून बसलेली, तिला कळलंच नव्हतं. सगळ्या बायका बघत होत्या आणि खाला पण बघत होती, ते रक्त कुणाचं ते.

एक म्हातारी पुटपुटली, "नवरीच्या हातावर वाढली. बरं नाय."

खालानं काच उपटली, ओढणीचं टोक मुठीत दाबलं आणि म्हणाली, "बरं झालं उलट. पोरीची नजर होती ती माझ्यावर उतरली. चल उर्मिला, बोटं ढिली सोड, सासू बघतीय असं समज." बायका हसल्या. चुडा पुरा झाला. पण आत्यानं जेवणाच्या वेळी आईला फोन लावून बाजूला जाऊन काय काय सांगितलं, आणि खालाला ओटी देताना तिच्याकडं बघितलं नाय. खाला जेवली नाय. म्हणाली, एसटी चुकेल.

येताना एसटीत मी तिचा हात ओढून घेतला, नीट बांधायला. ओढणी काढली, रक्त थांबलं होतं. रुमाल गुंडाळताना माझ्या लक्षात आलं की हिच्या ह्या हातातल्या बांगड्या मोठ्या आहेत. उजव्यातल्या लहान, डाव्यातल्या मोठ्या, रंग तोच, नक्षी तीच. आणि मोठ्या असून पण डाव्यातल्या सैल नव्हत्या. उलट रुतल्यासारख्या बसल्या होत्या. मी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले. डावा हात कोपरापासून खाली भरल्यासारखा, गच्च. बोटानं दाबलं तर खड्डा पडला, तो तसाच राहिला.

"खाला, हे काय?"

तिनं हात ओढून घेतला, खिडकीकडं बघत बसली. वेरूळ मागं गेलं. मग म्हणाली, "उजव्यात दोन-सहा हाय. डाव्यात आधी दोन-सहाच होती. मग दोन-आठ केली. आता दोन-दहा."

म्हणजे हात सुजत गेला, तशी ही मोठी मोठी बांगडी चढवत गेली. एका नमुन्यातल्याच, म्हणजे बघणाऱ्याला दोन्ही हात सारखेच दिसावेत. बांगडी हातावर नीट बसली की हात नीटच दिसतो, हे तिच्याशिवाय कुणाला सुचणार. चाचा रोज समोर बसून जेवायचे, त्यांना पत्ता नाय. मॅडमकडं गेली की बाह्या पार मनगटापर्यंत, आणि मस्त हाय.

"मॅडमनी सांगितलेलं ऑपरेशनच्या वेळी," ती म्हणाली, "काखेतल्या गाठी काढल्यात, ह्या हाताला जपा, कापू देऊ नका, ओझं नको, सूज आली तर लगेच या. मी घरी नाय सांगितलं. डाव्या हाताबिगर बांगडी कशी भरू मी? पायानं?"

"मग आता सूज आलीय ना. जायला पाहिजे ना."

"आणि गेल्यावर? परत आलं म्हणतील. छातीतून निघालं ते हातात आलं. परत सगळं पहिल्यापासून." तिचा आवाज एकदम बारीक झाला. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "रिक्षा माझ्या छातीत गेली बेटा. आता टपरी हातात घालू का? बापानं दिलेली एक चीज. मी मेले तरी बुढा तिथं बसून चार पैसे कमवेल. टपरी विकून मी मेले तर? तो काय करेल, सांग. कुणाच्या दारात बसेल?"

मी मांडीवरची पेटी घट्ट धरली.

"कसम घे," ती म्हणाली. "चाचाला नाय सांगायचं."

मी मान हलवली का नाय हलवली मला आठवत नाय. मला एवढंच आठवतंय की पेटी मांडीवर होती आणि खड्ड्यातून एसटी गेली की आतल्या बांगड्या वाजायच्या, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, गेली, आता गेली एखादी.

घरी आले तर मला झोप लागेना, जेवण जाईना. आईला सांगावं तर आई लगेच चाचांकडं जाणार. नाय सांगावं तर तो हात डोळ्यापुढून हटेना. दुसऱ्या दिवशी टपरी उघडी होती, खाला बसली होती, मला बघून तिनं नुसती बोटं ओठावर ठेवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी टपरी बंद.

मी कॉलेजला गेलेच नाय, सरळ तिच्या घरी. दार लोटलेलं. खाला जमिनीवर चटईवर, अंगावर गोधडी, दात वाजत होते आणि अंग तव्यासारखं. डावा हात गोधडीवर ठेवलेला. पार कोपरापर्यंत लालभडक, चकाकणारा, आणि मनगटात त्या दोन-दहाच्या बांगड्या मांसात गेलेल्या. बांगड्यांच्या पुढचा पंजा जांभळा पडत चाललेला.

"आलीस," ती म्हणाली. "बरं झालं. ह्या बांगड्या उतरव."

"चाचा कुठं?"

"सवारी घेऊन गेला. त्याला काय बुलवू नको. तू उतरव. साबण घे, आणि ती दुधाची पिशवी हातावर चढव, आणि त्याच्यावरून ओढ. मी सांगते तसं. ह्या बोटांनी मला धरता येत नाय."

हजारो बायकांच्या हातातल्या अडकलेल्या बांगड्या तिनं ह्या असल्याच दुधाच्या पिशवीवरून सर्‌कन काढलेल्या होत्या, मी बघितलंय. मी साबण लावला, पिशवी चढवली. ती सांगत होती, "अंगठा आत दाब, हळू, असं नाय, फिरवत फिरवत." मी ओढलं की ती डोळे मिटायची. बांगडी हलेना. हलायला जागाच नव्हती. माझ्या बोटांखाली तिचं मनगट इतकं तापलेलं की मला वाटलं हे आतून उकळतंय.

"खाला, फो... थंड्या करू का? दाबून?"

तिनं डोळे उघडले. "नाय." मग परत, "नाय. नवरा जिता हाय माझा. त्याच्या नावाच्या हायेत. सुहागनीच्या हातातल्या कुणी थंड्या करतं का? मी सगळ्या गावाला सांगत आले आणि माझ्याच हातातल्या करू?"

"मग पंजा जाईल तुझा."

"जाऊ दे."

असं म्हणाली ती. जाऊ दे. मी उठले, अंगणात गेले आणि चाचांना फोन लावला. ते सिडकोत कुठंतरी होते, मागं हॉर्न वाजत होते, आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं, हात सुजलाय, कधीपासून सुजलाय, बांगड्या मोठ्या मोठ्या घालत होती, काच घुसली, ताप आहे, पंजा काळा पडतोय, तुम्ही टपरी विकाल म्हणून तिनं सांगितलं नाय. माझं बोलणं संपलं तरी फोनवर नुसते हॉर्नच येत होते. मग चाचा म्हणाले, "बाजूला बस तिच्या. आलो." आणि मागची बाई विचारत होती, "काय ओ, इथंच उतरवता का?"

रिक्षात खाला माझ्याशी बोलली नाय. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तरी बोलली नाय. चाचा आरशातून बघायचे, परत रस्त्याकडं, परत आरशात. मला तर वाटत होतं ही इथंच माझ्या खांद्यावर जाईल आणि ह्या दोघांचं शेवटचं बोलणं सकाळच्या चहाचं असेल.

दवाखान्यात सिस्टरनी हात बघितला आणि खुर्चीवरच बसवलं. "मावशी, आधी ह्या बांगड्या कापाव्या लागतील. लगेच. रक्त अडकलंय."

"नक्को," खाला म्हणाली.

"अहो, हाताचा प्रश्न आहे."

"नक्को बोलले ना." तापात होती तरी तिनं हात छातीशी धरला, ज्या बाजूला आता छाती नव्हती तिथंच. सिस्टरनी माझ्याकडं बघितलं, मी चाचांकडं.

चाचांनी पायजम्याच्या खिशातून पक्कड काढली. साधी, लाल रबराच्या मुठीची. मी ती पक्कड ओळखली, त्यांच्या रिक्षातली होती ती. रिक्षा विकताना सीटखालचं सगळं सामान दिलं आणि ही तेवढी ठेवून घेतली होती त्यांनी, आणि रोज खिशात घेऊन फिरायचे, दुसऱ्याच्या रिक्षात बसायचे तरी. ते खालासमोर गुडघ्यावर बसले.

"इकडं दे."

"नाय."

"गौहर, मी मेलोय का?"

तिनं मान फिरवली.

"बघ माझ्याकडं. जिता हाय ना? मग मीच करतो. नवऱ्यानं स्वतः समोर बसून केल्या तर कसला आलाय अपशकुन. ज्याच्या नावाच्या त्यालाच नको असल्या तर?" आणि मग त्यांनी पकडीनं तिचा पंजा दाखवला. "हात काळा करून माझं नाव सांभाळतीस व्हय? आणि टपरीचं म्हणशील तर ऐक. विकली असती. आत्ता विचारशील तर आत्ता पण विकीन. खोटं नाय बोलणार. पण मला विचारायचं तरी. तू टपरी घेऊन कबरीत जाणार होतीस का? आणि मी एकटा तिथं बसून काय करणार होतो? मला दोन-चार कळंना आणि दोन-आठ कळंना. बायकांनी चपलेनं मारलं असतं."

सिस्टरनी तोंड फिरवलं. खालाच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती म्हणाली, "रुमाल धर वरून. काच उडती."

तिनंच सांगितलं, आणि चाचांनी तसंच केलं. रुमाल टाकला, पक्कड लावली, सिस्टरनी त्यांचं मनगट धरलं. कट्‌. दर आवाजाला खाला पापण्या मिटायची. शेवटची निघाली तेव्हा तिच्या मनगटावर नुसत्या खोल पांढऱ्या रेघा राहिल्या, बांगड्यांसारख्याच.

पुढं मग लई पळापळ. सलाईन, दुसऱ्या हातात. मॅडम आल्या, काच घुसलेली जागा बघितली, हात बघितला, काख बघितली, आणि चिडल्या. अशा चिडल्या की वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या. "कधीपासून सूज आहे? आणि मला काय सांगत होता, मस्त हाय?" गाठी काढल्या की हातातलं पाणी उतरत नाय, हात फुगतो, ते बऱ्याच जणींना होतं, सुरुवातीलाच सांगितलं असतं तर व्यायाम होते, पट्टी होती, असं त्या म्हणाल्या. आता काचेतून जंतू गेलेत. अजून उशीर केला असता तर विष अंगभर पसरलं असतं.

"म्हणजे ते परत आलं नाय?" चाचांनी विचारलं.

"मला तसं वाटत नाही. पण खात्री करायला स्कॅन करू. ॲडमिटच आहेत, इथंच होईल."

स्कॅन म्हणल्यावर खालानं डोळे गच्च मिटले. चाचा बाकड्यावर बसून राहिले. त्या दिवसांत मी रोज गेले, आणि रोज जिना चढताना वाटायचं, वर कॉट रिकामी असली तर. ताप उतरला, लाली खाली आली, पंजा परत पंजाच्या रंगाचा झाला. रिपोर्ट आला त्या दिवशी मी खिडकीपाशी उभी होते, खालाच्या पायाशी चाचा. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, "परत काही दिसत नाही. सध्या तरी नाही. तपासत राहावं लागेल."

चाचांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आणि खाला, जिचा जीव त्या कागदात होता, तिनं पहिलं काय विचारावं? "ह्याला किती लागले?"

"दोन चहा," चाचा म्हणाले. "स्कॅनच्या बाहेर बसून मी प्यायलो. एक उधार हाय."

तिला हसू आलं, पण डोळे भीतच होते. 'सध्या तरी' हे तिनं पण ऐकलं होतं. मी पण ऐकलं होतं.

मॅडम जायला निघाल्या तर खालानं त्यांचा हात धरला. मला वाटलं शुक्रिया म्हणायला. पण ती त्यांचा पंजा दोन्ही हातांत घेऊन बसली, अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, बोटं मिटवून बघितली, टपरीवर करायची तसंच. वॉर्डातली एक बाई म्हणाली, "आता मॅडमला बांगड्या भरती ही." मॅडम पण हसल्या, थांबल्या. खाला परत दाबत होती. कपाळाला आठ्या, मान खाली. लई वेळ दाबत बसली ती.

मग वर बघून म्हणाली, "मॅडम, तुमचा हात मला कळत नाय."

"म्हणजे?"

खालानं एकदा चाचांकडं बघितलं. "बोटं मेलीत माझी. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून. बटन लागत नाय, सुई धरत नाय. माप कळत नाय मला कुणाचं. मी खोटं बोलत होते तुमच्याशी."

मॅडमनी हळूच हात सोडवून घेतला आणि खिशातून पेन काढलं.

चाचांनी कॉटचा दांडा धरला. खाला त्या पेनाकडं बघत होती, उजव्या हातातल्या बांगड्या चादरीवर बारीक वाजत होत्या. पण ती 'मस्त हाय' म्हणाली नाय. तिनं दोन्ही पंजे उलटे करून मॅडमपुढं मांडले आणि म्हणाली, "ह्या बोटापासून सुरू झालं. लिहा."